पलीकडची किल्ली

डिसेंबरात वार्द्योला सूर्य येत नाही.
येते ती योरुन, पलीकडच्या घरातून,
बुटांचा बर्फ उंबऱ्यावर झाडत.
कशी आहेस, विचारत नाही.
सुन्नीवाच्या कडेवरचं रडकं गाठोडं घेते,
"जा, झोप. मी आहे चारपर्यंत."

मासे साफ करून सुजलेले हात
सुन्नीवा उशीखाली सारते.
रात्री ती बाळावर ओरडली होती, फार मोठ्याने.
भिंत पातळ. दोघींना ठाऊक.

थोरला ओदवार टेबलाखाली.
योरुन त्याला बाहेर ओढत नाही,
स्वतःच खाली बसते, गुडघे वाजवत,
बटाटा सोलते. एकच साल, लांबच लांब.
मग त्याच्या मुठीत किल्ली:
"माझ्या दाराची. कधीही. रात्रीसुद्धा.
कारण सांगावं लागत नाही."

चार वाजतात. सुन्नीवा झोपलेलीच.
योरुन घड्याळ भिंतीकडे फिरवते.