हयातीचा दाखला

जिगीषा हातमोजे घालून
वाटीत टाकते, सकाळी चार, रात्री चार.
सुनेनं त्यांना नुसतं शिवायचंही नाही,
मी गिळायच्या.
वरणभात पोटात गेला की अर्ध्या तासाच्या आत.

चौदा दिवस असं. मग सात सुटीचे,
तेव्हा तळव्यांची सालं निघतात
उकडलेल्या बटाट्यासारखी.

दांडिया बाजारातल्या बँकेत
पेन्शनसाठी अंगठा टेकवला.
यंत्र नाही म्हणालं.
‘बेन, फरी मूको.’
पदराला पुसून टेकवला. मग डावा. मग तर्जनी.
रेघा गेल्यात, म्हटलं, गोळ्यांनी.

काउंटरवरचे पंकिलभाई गप्प झाले,
चहा मागवला.
कागदी कप हाताला चटचट भाजला.
तरी दोन्ही हातांनी धरून बसले,
अगदी समोर,
सगळ्यांना दिसेल अशी.