बाटली कधी वाजली

मशीन वाजलं तेव्हा रात्रीचे पावणेतीन.
जळगाव, मे महिना. दिवसा बाहेर शेहेचाळीस,
इनक्युबेटरच्या आत सदतीस.
जंतूंना आपण थंडाव्याला ठेवतो,
असं मी नव्या पोरींना सांगते, हसवायला.

बाटली हेमराज वारकेची. सव्वीस वर्षं, रावेरचा,
केळीचा ट्रक दिल्लीला नेणारा.
रक्त संध्याकाळी सहाला घेतलेलं,
म्हणजे नऊ तासही झाले नव्हते.
हातमोजे चढवताना मी बोटांवर मोजलं,
चढवून झाल्यावर पुन्हा मोजलं.
इतक्या लवकर जे बोलतं
ते चांगलं बोलत नाही.

काचपट्टीवर जांभळे पुंजके.
पुस्तकात लिहिलंय, द्राक्षांच्या घोसासारखे.
आमच्याकडे द्राक्षं नाशिकहून येतात.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर सोनं उगवलं.
या गावात सोन्याला कुणी नावं ठेवत नाही,
लांबून लोक येतात, चोख म्हणून.
हेही चोखच होतं.
रक्ताच्या लालीत एकेका ठिपक्यानं
आपल्याभोवती स्वच्छ खळं केलं होतं,
सगळं खाऊन.

पाठीवर करट आलेलं, सीटला घासून.
क्लीनरनं सेफ्टीपिनेनं फोडलं शिवपुरीच्या पुढे कुठेतरी
आणि गाडी निघाली.
एवढंच.

त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवर
एकनाथ झांबरे, ड्रॉइंगचे मास्तर.
होळीच्या आधी दाढ काढली,
मग रोज दिवेलागणीला बारीक ताप.
दीड महिना टायफॉइड समजून मऊ भात खात राहिले.
त्यांची बाटली दुसऱ्या रात्री वाजली,
दार वाजवून बाजूला उभं राहावं तशी.
प्लेटवर हिरवट, दिसेल न दिसेल.
तोंडातले जन्माचे भाडेकरू,
दाढेच्या जिन्यानं खाली उतरले
आणि लहानपणीच्या सांधेतापानं जाड झालेल्या झडपेवर
बिऱ्हाड मांडलं त्यांनी.
पेनिसिलिनची चकती ठेवली
की लांब सरकून उभे राहतात, बिचारे.
चार आठवडे शिरेतून औषध. मास्तर बहुतेक उठणार होते.
हे मला त्यांच्या बायकोच्या
अकरा दिवस आधी कळलं.

हेमराजच्या वडलांनी विचारलं, झडप म्हंजे?
डॉक्टर सरोदेंनी कागदावर हृदय काढलं.
म्हंजे आमच्या विहिरीचा फुटव्हॉल्व्ह, ते म्हणाले,
गळाला की मोटार नुसती फिरते
न पाणी खाली जातं.
हो. तसंच.
मंग बदलून टाका ना.

मुंबईला न्यायचं ठरत होतं.
अँब्युलन्सवाला डिझेल भरायला गेला होता.
तेवढ्यात झडपेवरची एक कणी सुटली,
तिळाएवढी,
आणि मेंदूत गेली.

औषध बरोबर होतं. हे मी मुद्दाम सांगते.
माझ्या रिपोर्टात एकेका औषधापुढे
चालतं, चालतं, चालतं.
रिपोर्ट तिसऱ्या दिवशी निघाला.
घ्यायला कोणी आलं नाही.

मास्तर जूनमध्ये घरी निघाले तेव्हा लॅबच्या दारात आले.
माझा जंतू बघायचाय म्हणाले, चित्रकार माणूस.
स्लाइड लावून दिली. बराच वेळ वाकून राहिले.
माळ आहे की ही, म्हणाले, मण्यांची.
मग डोळा न उचलता:
त्या शेजारच्या पोराचा कसा होता?
ती पट्टी डब्यात होती अजून. तीही लावली.
खिशातला कागद घेऊन त्यांनी पेन्सिलीनं
एक माळ काढली, एक घोस.
काढायला दोन्ही सोपे, म्हणाले,
आणि आपण काय बोललो ते ऐकून गप्प झाले.

मी कामाला वळले.
भालोदच्या कोकिळाबाई सपकाळे, सातवा दिवस.
इकोत गाठ हलताना दिसते,
बाटल्या मात्र तिन्ही मुक्या.
आधी कुठे कुठे इंजेक्शनं घेतली, नाव आठवत नाही,
पांढरं होतं, एवढं सांगतात.
बाटली उजेडात धरली, हलवली.
नाव तरी सांग रे बाबा.
गढूळ नाही.
अजून नाही.