दोन चौकट

पंधरा शब्दांची बोली आहे ही:
एक ते सात आकडे, चार रंग, बिनहुकूम,
पास, डबल, रिडबल.
बस्स. एवढ्यात माणसानं समोरच्याला सांगायचं
की माझ्या हातात काय आहे.

मी बंदरावर, मासळीच्या लिलावात बत्तीस वर्षं काढली.
तिथे बोली म्हणजे बोली. बाराशे म्हणजे बाराशे,
हेरिंग म्हणजे हेरिंग.
इथे दोन चौकट म्हणजे बदाम.
मला हे पचायला अख्खा हिवाळा लागला,
आणि ब्लांका तर तेरा वर्षांची.

उस्त्का, जानेवारी. खाली आगीचे बंब,
वरच्या खोलीत आम्ही आठ जण, दोन टेबलं,
काचेच्या पेल्यांत चहा.
वालेरियान सत्त्याहत्तरचा, बोटीवर रेडिओ ऑपरेटर होता,
टिंब आणि रेघ यांच्यात जन्म गेला त्याचा.
तिला त्यानं जिन्यातच शिकवलं:
मी चौकट म्हटलं की तू बदाम म्हणायचं.
"मग तुम्हीच का नाही म्हणत बदाम?"
"तुझे पत्ते भारी. ते झाकलेले राहू देत."

पाचवा डाव. ब्लांका: एक बिनहुकूम.
सेवेरिन पास.
वालेरियान: दोन चौकट.
मी पास.
ती पत्त्यांकडे बघत राहिली, इतका वेळ
की खाली कुणीतरी नळी गुंडाळतंय ते ऐकू आलं.
मग हिरवं कार्ड. पास.

उतारी माझी. मी हुकूमच टाकला.
ती पत्ते मांडत गेली, रंगामागून रंग,
आणि चौकटचे तीन मांडताना थांबली.
कळलं.
डमीला बोलता येत नाही, नियम आहे.
वालेरियानकडे बदाम सहा,
आणि चौकटची सत्ती नि तिर्री.
"आभारी आहे, पार्टनर," तो म्हणाला,
दर वेळी म्हणतो तसंच, साखर न वाढवता.

आम्ही एकही हात सोडला नाही.
सेवेरिन मध्येच माझ्याकडे बघायचा, मी बघितलं नाही.
दया पत्त्यांत लगेच दिसते,
आणि ती पोर मोजत होती.
तीन हात कमी पडले.
पलीकडच्या टेबलावर याच पत्त्यांत चार बदाम झाले होते.

"ते सोडून देऊ या का? साधंच खेळू."
त्यानं खसखशीचा केक तिच्याकडे सरकवला.
हो नाही, नाही नाही.
मला वाटलं, सोडेल. मी असते तर सोडलं असतं.

नववा डाव. तिचं पुन्हा एक बिनहुकूम.
पेटीतून कार्ड काढताना त्याची बोटं थरथरली,
ती तशीही थरथरतात.
दोन चौकट.
समुद्रावर म्हणे, उत्तर आलं नाही
तर तोच संदेश पुन्हा धाडायचा. तसाच. जरा सावकाश.

ब्लांकानं अलर्टचं निळं कार्ड ठेवलं.
मला ठाऊक होतं, तरी विचारलं, "अर्थ काय याचा?"
"बदाम. पाच, नाहीतर जास्त."
आवाज मध्येच चिरकला. "चौकटबद्दल ते काहीच बोललेले नाहीत."
मी पास.
दोन बदाम, ती म्हणाली.

आता मांडायचे पत्ते त्याचे, गप्प बसायचं त्यानं.
"आभारी आहे, पार्टनर."

तो डावही गेला, एका हातानं.
पाच बदाम एकट्या सेवेरिनकडे निघाले,
त्याला कोण काय करणार.
जिना उतरताना ती बोटांवर अजून मोजत होती,
आणि वालेरियान एक पायरी मागे,
तिच्या मोजण्याच्या वेगानं उतरत होता.