पान अकराशे बेचाळीस

काळं फासणं म्हणजे बेअब्रू, असं म्हणतात.
इथे, मिनेसोटाच्या राजधानीत, रेकॉर्ड खात्याच्या तळघरात
काळं फासलं की अब्रू वाचते.
मी आर्डिस. एकोणीस वर्षं हेच करते.

पूर्वी जाड मार्कर असायचा, बोटांना स्पिरिटचा वास.
पान खिडकीशी धरलं की शाईखालून नाव डोकावायचं,
म्हणून हालव्हर्सन साहेब सांगायचे,
झेरॉक्सची झेरॉक्स काढ.
आता माउस ओढते, चौकोन पडतो,
खाली काही उरतच नाही.
कडेला फक्त कारणाचा आकडा: सहा. सात-क.

ऑर्विन तळ्याकाठच्या बंगल्याची फाइल
नोव्हेंबरात आली. सतरा खोकी.
वर चिठ्ठी: सोमवारपर्यंत.
कोण यायचं, कोणाच्या विमानानं,
टॉवेलांच्या घड्या घालायला ठेवलेल्या मुलींची वयं
(वयं ठेवायची. वयांना कलम लागत नाही).

नाव गेलं तरी प्रत्यय उरतात.
▇ने ▇ला बोलावलं. ▇च्या खोलीत.
आणि क्रियापदं तर चुगलखोरच:
आले. बसले. हसले. जेवून गेले.
सगळं आदरार्थी.
मग मधेच एकेरी: ती आली. तिला नेलं. ती रडली नाही.
एवढ्यावरून कोणालाही कळावं
खुर्चीत कोण होतं आणि दारात कोण.

मंगळवारी पायऱ्यांवरचा बर्फ खरवडून
माइक लावला. प्रवक्ते म्हणाले,
सगळं आता जनतेसमोर आहे.
खोटं नव्हतं. होतंच सगळं. काळं.

एल्डनच्या गळांच्या दुकानात,
बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांत,
एक म्हणाला, बघ, काहीच नाही त्यात.
दुसरा म्हणाला, आहे, म्हणून तर काळं.
मग ज्याचा ज्याच्यावर राग
त्यानं त्याचं नाव चौकोनात बसवून पाहिलं.
चौकोन प्रत्येकाला मापाचाच निघाला.
रविवारी एका निवृत्त पियानो शिक्षकाची काच फुटली.
तो त्या तळ्याकडे कधी फिरकला नव्हता.
मला माहीत होतं.
मला सांगायची परवानगी नव्हती.

गुरुवारी वाचनकक्षात एक बाई आली,
स्कूलबसच्या ड्रायव्हरचं जॅकेट,
बुटांना रस्त्यावरचं मीठ.
अकराशे बेचाळीसवं पान माझ्यासमोर ठेवलं.
सहा चौकोन,
आणि सातव्या जागी, उघडं, तिचं नाव.
माझ्याच हातून सुटलेलं. संध्याकाळचे पावणेपाच झाले असतील,
डोळे चुरचुरत होते...
कारणं माझ्याकडे नेहमीच असतात, आकड्यांसकट.

म्हटलं, थांबा, लगेच झाकते.
ती म्हणाली, झाकू नका.
स्पेलिंग चुकलंय. क्वाले, के-व्हीनं. क्यूनं नाही.
सोळाव्या वर्षी पोलिसाला दोनदा सांगितलं होतं.

दुरुस्तीचा अर्ज असतो, गुलाबी, तीन प्रतींत.
तिनं उभ्याउभ्याच भरला.
'अर्जदाराचा प्रकरणाशी संबंध'
इथे पेन थांबलं. मागे रांगेतला माणूस खोकला.
मग तिनं लिहिलं: मी.

नव्वद दिवस लागतील, मी सांगितलं, सुट्ट्या सोडून.
ती म्हणाली, मोजेन.
फरशीवर मिठाचे दोन ठसे राहिले, पांढरे.

रात्री सूप गरम करताना आठवलं:
त्या सहा नावांतलं
एकाचंही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं.
झाकण्याआधी मी तपासलं होतं.