खडान्खडा

खोलीला खिडकी नाही. भिंतीभर फेसाच्या पाचरी,
इथं टाळी वाजवली तर ती हातातच विझते.
मधोमध पोलादी ढोल, माझ्याएवढा उंच,
त्याच्या अंगावर रस्ता ओतलेला:
राळेत घडवलेलं डांबर, खऱ्याइतकंच खरबरीत,
आणि त्यावर दाबून धरलेलं एकच चाक.
गाडी नाही. कुणाला कुठं जायचं नाही.
तरी ताशी ऐंशी.

ग्डान्स्कच्या ट्राम झोपल्या की आम्ही सुरू करतो.
त्यांची धडधड जमिनीतून येते
आणि मायक्रोफोन फार भोळे,
जे कानावर येईल ते खरं मानतात.

आवाज कसा होतो ते मला पाठ आहे.
नक्षीचा ठोकळा रस्त्यावर आपटतो,
खाचेतली हवा चेंगरून फुस्सकन निसटते,
मागच्या बाजूला रबर चिकटतं, सुटतं, चिकटतं,
आणि चाक नि रस्ता यांच्यातली अरुंद फट
कर्ण्यासारखी
सगळं वाढवून सांगते.

याग्नानं याचं गणित मांडलं, चार वर्षं.
तिच्या संगणकाला हे चाक खडान्खडा ठाऊक:
रबराचा ताठा, खाचांची खोली,
पोटातल्या हवेचा सूरसुद्धा.
तरी सोळाशे हर्ट्झपाशी
मोजलेली रेघ तिच्या रेघेवरून
चार डेसिबल वर उठते,
भरल्या ताटावरून रागानं उठावं तशी.
तीन आठवडे ती आकडे चाळवत होती.
एका रात्री, दोन वाजता, पडद्याला म्हणाली,
बस गं बाई, बस खाली.

यंत्र क्सावेरी चालवतो.
चौदा वर्षं तो गोदीत होता,
जहाजांच्या पत्र्यांवर हातोडा मारत.
चार हजार हर्ट्झच्या आसपासचं सगळं
गोदीनं ठेवून घेतलं.
डॉक्टरांनी काढलेला त्याच्या कानाचा आलेख
घडी घालून पाकिटात असतो. याग्नाला दाखवतो:
बघ, माझं तरी कुठं जुळतं?

त्या मंगळवारी त्याला भूक लागली
म्हणून त्यानं बटण जरा लवकर दाबलं.
ढोल एकदम थांबत नाही.
साठ. चाळीस. आवाज जिना उतरत जातो.
हे आम्ही कधी नोंदवत नाही,
नियमात स्थिर वेग हवा असतो.
आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो.
तो पावाचा तुकडा हातात धरून
नुसता उभा.

दहाच्या खाली आलं चाक, आणि
टिक.
मग थोडी सूं.
टिक.

ऐंशीला हे टिक सेकंदाला अकरा वेळा,
एकमेकांत विरघळून जाणारे.
आता एकेक सुटा, ओळखीचा,
दारावर बोट वाजवल्यासारखा.

पेचकसाच्या टोकानं त्यानं खाचेतून उकरला:
मसुराएवढा, करडा,
एका बाजूला झिजून गुळगुळीत.
चाक रुळवायला तीनशे किलोमीटर
याग्नाच फिरली होती, स्वतःच्या गाडीवर,
काशुबियात आईकडे,
शेवटची वाट कच्ची, दोन्हीकडे बटाट्याची शेतं.
तळहातावर घेऊन ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, फाटकापाशी असलेच असतात.

पुन्हा मोजलं. रेघ उतरली,
पण पुरती नाही. चाराचे दीड झाले.
त्या दीडाचा मालक अजून सापडलेला नाही.
अहवालात त्याला "अनिश्चितता" म्हटलं आहे,
चांगल्या घरातला शब्द.

रविवारी तिनं आईला फोनवर सांगितलं,
तीन आठवडे, एका खड्यापायी.
आई म्हणाली, हो का?
परवा निघालीस तेव्हा तुझी गाडी
वळणापर्यंत टिकटिकत गेली.
मला वाटलं, तुला ऐकू येत असेल.

सोमवारी याग्नानं हे आम्हाला सांगितलं.
क्सावेरीच्या तोंडात हेरिंग होता.
त्यानं तो सावकाश गिळला आणि विचारलं,
आणि दीडचं?
दीडचं काही म्हणाल्या का?