काठ

टॉवेलचे काठ शिवते मी, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये.
दिवसाला दोनशे.
सातव्या महिन्यात पोट मशिनच्या फळीला टेकायला लागलं
आणि सुई वीतभर लांब गेली.
संध्याकाळी पाय असे सुजायचे
की अंगठा दाबला तर खड्डा पडून राहायचा.
पैंजण काढून डब्यात ठेवले.

सिस्टर वैजयंता म्हणाल्या, पाण्यात ये.
मंगळवारी, शुक्रवारी, तीन ते चार, फक्त बायका.
डॉक्टरांची चिठ्ठी मात्र आण.

पाण्यात?
आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो,
तोही पहाटे पावणेतीनला,
आधी नुसती हवा, मग गढूळ,
मग करंगळीएवढी धार.
तलाव पाहिला तेव्हा आधी हिशेबच केला:
किती घागरी? किती गल्ल्या? किती पाचवे दिवस?
एवढ्या पाण्यात उगाच उभं राहायची लाज वाटली.

नवऱ्याचा टी-शर्ट, जुनी लेगिंग.
कठड्याला धरून एक पायरी, दुसरी,
गुडघे, मांड्या, मग पोट,
आणि पोट गेलं.
म्हणजे होतं तिथंच,
पण बसमध्ये एखादी अनोळखी बाई
'दे पिशवी इकडे' म्हणते ना,
तसं कुणीतरी घेतलं ते मांडीवर.
कंबर पहिल्यांदा गप्प बसली.

आठ जणी, छातीभर पाण्यात, कवायतीला.
बाहेर एप्रिल, त्रेचाळीस.
सायकल चालवा, सिस्टर म्हणाल्या.
मी जमिनीवर कधी चालवली नव्हती.
शेजारच्या रुबीनाचं तिसरं. ती म्हणाली,
पहिल्या दोघांच्या वेळी हे कुठं होतं गं,
आणि एवढी हसली की पाणी सगळ्यांना लागलं.

घरी आम्ही पाण्याला नीळ्ळु म्हणतो, शेडमध्ये पाणी.
आतलं अजून काहीच म्हणत नाही,
नुसतं राहतं त्यात.
तासभर मीही तशीच होते.
त्या रात्री कूस न बदलता झोपले,
नवरा दोनदा उठून बघून गेला म्हणे.

अंग पुसायला डागी मालातला टॉवेल नेते.
एक काठ वाकडा आहे.
माझाच असेल,
सहाव्या महिन्यातला.

अत्तम्मा मात्र बोललीच:
मी पाच जणं काढली, नळाच्या रांगेत,
कमरेवर घागर घेऊन. मला कुणी दिला तलाव?
उत्तर नव्हतं माझ्याकडे.
रात्री तिने माझ्या पायावर अंगठा दाबून पाहिला.
खड्डा पडला, पण लगेच भरला.
पुन्हा दाबला. काही न बोलता दिवा घालवला.

पाचवा दिवस. पावणेतीन.
मला पायरीवर बसवून ती एकटीच भरत होती.
पिंप झालं, हंडे झाले, शेवटची घागर उरली.
ती तिने आत नेली नाही.
माझ्या शेजारी बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं,
आणि तांब्यातांब्याने
दोन्ही गुडघ्यांवर हळूहळू ओतत राहिली.
असं असतं का गं? तिने विचारलं.
मी म्हटलं, थोडंफार.
नळ पुन्हा हवा सोडायला लागला होता.