निहारदादाची यादी

जायच्या आदल्या रात्री त्याने
किराण्याच्या बिलामागे लिहून दिलं:

"आधी ते पुठ्ठा निखळलेलं वाच,
मुलगी वाऱ्याशी बोलते ते.
चाळीस पानं कंटाळा येईल. दम धर.
मग चेटकिणीच्या शिष्याचं.
शेवटची पानं मी फाडलेली नाहीत,
रुवीच्या जुन्या दुकानात तसंच मिळालं.
ड्रॅगनचं मात्र रात्री, एसी बंद करून,
म्हणजे मागचा डोंगर श्वास घेताना ऐकू येईल."

आला ऐकू.
घामाने पानं बोटांना चिकटली.

सगळ्या पुस्तकांत एक वय येतं
आणि भिंतीत दार उघडतं.
दादाचं ते वय आलं, तेव्हा
बाबांच्या व्हिसातून त्याचं नाव गळलं.
दार उघडलं ते थेट पुण्यात,
वंदनाकाकूच्या हॉलमधल्या दिवाणावर.

काल फोनवर विचारलं,
"तिकडे जादू आहे का रे?"
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"इथे भर मे महिन्यात
नळाला गार पाणी येतं."

मी आमचा नळ सोडून पाहिला.
बोटं चटकली.

शिष्याचा शेवट आता मीच लिहितेय,
बिलाच्या पुढच्या बाजूला,
खुबूस, दही, साबण
यांच्या मधल्या जागेत.